सोळा नंबरचं भोक

कुलूप लावल्यावर ते ओढून बघत नाही, असा माणूस बाळरावांच्या घराण्यात झाला नाही. साधी माणसं एकदा ओढतात. बाळराव तीनदा ओढतात, जिना उतरतात, कोपऱ्यावरच्या दिव्याच्या खांबापर्यंत जातात आणि तिथून परत येऊन पुन्हा ओढतात. आजवर कुलूप एकदाही उघडं सापडलेलं नाही. पण आपण ओढतो म्हणूनच ते बंद राहतं असं त्यांचं ठाम मत आहे, आणि हे मत खोडून काढता येत नाही, कारण न ओढता निघून जायची हिंमत अजून कुणी केलेली नाही.

बाळराव हे त्यांचं खरं नाव नव्हे. तीन भावंडांत धाकटे म्हणून घरात ‘बाळ’, आणि डोक्यावरचे केस गेल्यावर नुसतं बाळ म्हणणं बरं दिसेना म्हणून ऑफिसात त्याला ‘राव’ जोडला गेला. नोकरी विमा कंपनीत, नुकसानभरपाईचे दावे तपासायची. दिवसभर दुसऱ्यांच्या घरांना लागलेल्या आगी, फुटलेले नळ आणि उलटलेल्या गाड्या वाचायच्या आणि संध्याकाळी घरी येऊन गॅस बंद आहे का ते बघायचं. असा माणूस निर्धास्त राहील तरी कसा?

आणि अशा माणसाने, कुणी विचारलेलं नसताना, “फोटो मी काढतो” असं म्हणावं, याला हात दाखवून अवलक्षण म्हणतात.

झालं ते असं. त्यांची थोरली बहीण, ताई, कायमची परदेशी मुलाकडे राहायला निघाली होती. जायच्या दिवशी दुपारी सगळ्यांनी बाळरावांकडे जमायचं ठरलं, कारण आई तिथेच असते. ताईने एकच मागणं मागितलं. “आपला तिघांचा आईबरोबर एक फोटो हवा. आणि त्यात बाळ पाहिजे.”

बाळ पाहिजे असं मुद्दाम सांगण्याचं कारण भिंतीवरच टांगलेलं होतं. लहानपणी तिघांना एकदा स्टुडिओत नेलं होतं. त्या फोटोत डावीकडे मान वाकडी केलेली ताई आहे, उजवीकडे श्वास रोखून धरलेला दादा आहे आणि मध्ये एक रिकामं स्टूल आहे. त्या स्टुलावरचे बाळराव ऐन वेळी उठून पळाले होते. फोटोवाला दुसरा फोटो काढायला तयार नव्हता. तेव्हापासून हे स्टूल पाहुण्यांना दाखवण्यात येतं, आणि “हा आमचा बाळ” असं त्या स्टुलाकडे बोट दाखवून सांगण्यात येतं. मग ताईने मान कशी वाकडी केली आणि उरलासुरला फोटोही कसा घालवला, यावर दादा थोडं बोलतो.

दादा म्हणाला, “मी एक फोटोग्राफर सांगून ठेवतो.”

त्याच्या स्वरात काहीतरी होतं. म्हणजे नेहमीचंच होतं, ‘बाळवर सोपवलं तर बोंबलेल’ हे. बाळरावांच्या तोंडून निघून गेलं, “फोटोग्राफर कशाला? मी काढतो की.”

बायकोने त्यांच्याकडे असं बघितलं, जसं आपण पुलाच्या कठड्यावर चढलेल्या माणसाकडे बघतो. ताई मात्र खुलली. “बाळच काढू दे,” ती म्हणाली. तेवढ्याने बाळरावांची परतीची वाट बंद झाली.

कॅमेरा ऑफिसातला होता. नुकसानीचे फोटो काढायला कंपनीने घेतलेला, चांगला भारी, पुढे मोठी काच असलेला. जळकी दुकानं, चेपलेले बंपर आणि पडक्या भिंती यांखेरीज त्याने आजवर काही पाहिलेलं नव्हतं. धडधाकट माणसांचा फोटो काढायची त्याची ही पहिलीच वेळ. तो भांडारपालांच्या ताब्यात असे, आणि भांडारपाल कुठलीही वस्तू सहज देणारे नव्हते.

“अर्जात ‘नुकसानीचं स्वरूप’ हा रकाना रिकामा आहे,” ते म्हणाले.

“घरगुती फोटो आहे हो. नुकसान काही नाही.”

“नुकसान नसेल तर कॅमेरा कशाला?”

बराच विचार करून बाळरावांनी त्या रकान्यात ‘अद्याप झालेलं नाही’ असं लिहिलं. भांडारपालांनी ते दोनदा वाचलं, त्यांना ते नियमात बसल्यासारखं वाटलं आणि कॅमेरा मिळाला. त्याच्या डोक्यावर एक गोल चकती होती, आणि ती ‘ऑटो’ या खुणेवर चिकटपट्टीने पक्की करून टाकलेली होती. “ही हलवायची नाही,” भांडारपाल म्हणाले. “एकदा एकाने हलवली होती. पुरात बुडालेलं अख्खं गोदाम काळंकुट्ट आलं.”

बाळराव ती मरेपर्यंत हलवणार नव्हते. पण त्यांच्या समोरच्या दारात ड्रॉइंग मास्तर राहतात. मास्तर निवृत्त आहेत आणि त्यांचं शिकवायचं राहून गेलेलं बरंच काही शिल्लक आहे. कॅमेरा बघताच ते चपला न घालता आत आले.

“ऑटो?” ते म्हणाले. “अहो, ऑटोवर फोटो काढणं म्हणजे छापील चित्रात रंग भरणं. काढा ती पट्टी.” आणि बाळराव ‘नको नको’ म्हणेपर्यंत त्यांनी ती नखाने काढलीसुद्धा. मग त्यांनी चकती फिरवून ‘ए’ या अक्षरावर आणली. “हे बघा. काचेच्या आत एक भोक असतं. त्याला अ‍ॅपर्चर म्हणतात, आपण भोकच म्हणू. या ए वर ठेवलं की भोक केवढं उघडायचं ते तुम्ही ठरवायचं. मग ते किती वेळ उघडं ठेवायचं, ते कॅमेरा स्वतःच ठरवतो.”

“म्हणजे आपल्या घरासारखंच,” बाळरावांची बायको आतून म्हणाली. “भाजी कुठली आणायची ते हे ठरवतात. मग त्यात माझा किती वेळ जायचा, ते ती भाजी ठरवते.”

एवढ्यावर थांबलं असतं तर बरं होतं. पण मास्तरांनी आकड्यांचा विषय काढला. आकडा लहान असेल तर भोक मोठं, आणि आकडा मोठा असेल तर भोक लहान. हे ऐकताच बाळरावांमधला दावे तपासणारा जागा झाला. हप्ता जितका लहान तितकी भरपाई मोठी असा प्रकार त्यांनी आयुष्यात पाहिला नव्हता, आणि जिथे कुणी तसं कबूल करतं तिथे पुढे लबाडी निघते हा त्यांचा रोजचा अनुभव होता. त्यांनी आकडे तीन वेळा उलटसुलट विचारले. मास्तरांनी तीन वेळा तेच सांगितलं. ते त्यांना पटलं नाही, पण पाठ झालं.

“सगळ्यात लहान आकडा ठेवा,” मास्तर म्हणाले. “एक पूर्णांक आठ दशांश. माणूस स्वच्छ येतो आणि मागचं सगळं विरघळतं. खरा कलावंत त्यावरून ओळखतात.”

त्याच संध्याकाळी दादा आणि वहिनी बेत ठरवायला आले, आणि बाळरावांनी कलावंत व्हायचं ठरवलं. बायको पुढे खुर्चीत बसली होती. वहिनी तिच्या मागे, कपाटाला टेकून उभ्या होत्या. बाळरावांनी भोक ऐसपैस उघडलं, बायकोच्या डोळ्यावर नेम धरला आणि बटण दाबलं.

फोटो अप्रतिम आला. बायकोच्या कानातल्याचा खडान् खडा मोजता येत होता. वहिनी मात्र विरघळल्या होत्या. तिथे कुणीतरी उभं आहे एवढं कळत होतं. पण ते कोण, बाई की बुवा, हे सांगायला साक्षीदार लागला असता.

वहिनींनी फोटो लांब धरून पाहिला, जवळ धरून पाहिला आणि परत दिला. “छान आहे, भाऊजी,” त्या म्हणाल्या. “आम्ही काय, मागचेच.”

“अहो वहिनी, ते भोक मोठं होतं म्हणून—”

“असू दे. ज्याला जे स्पष्ट दिसायला हवं तेच त्याला दिसतं.”

त्या चहा न घेता गेल्या. जिन्यात दादा हळूच म्हणाला, “बाळ, तिचं म्हणणं, तू हे मुद्दाम केलंस. मी म्हटलं, मुद्दाम काही करण्याएवढं त्याला जमत नाही.” दादाने ही आपली बाजू घेतली होती, म्हणून बाळरावांना त्याचे आभार मानावे लागले.

त्या प्रसंगाने त्यांची झोप उडाली. जायच्या दिवशी आई मध्ये बसणार, तिच्या बाजूला भावंडं आणि मागे या दोघी जावा. एक जरी विरघळलं, तरी ते घराण्यात पुढे किती वर्षं दाखवलं जाईल याचा पुरावा भिंतीवर टांगलेला होताच. त्यांनी निश्चय केला की आता सगळे, पुढचे, मागचे, भिंतीवरचं घड्याळसुद्धा, सारखे स्वच्छ आले पाहिजेत. त्याला भोक सगळ्यात लहान हवं. म्हणजे आकडा मोठा. म्हणजे सोळा. हे त्यांनी पुन्हा एकदा उलटसुलट करून बघितलं आणि तरीही ते सोळाच निघालं.

सोळावरचा पहिला फोटो असा आला, जणू काढताना घरात भूकंप चालू होता. मास्तरांना पुन्हा बोलवावं लागलं.

“साहजिक आहे,” मास्तर म्हणाले. “भोक लहान केलंत, उजेड आत कमी आला. म्हणून तो जास्त वेळ डोळा उघडा ठेवतो. तुमच्या खोलीच्या उजेडाला चार-पाच सेकंद लागणार. तेवढ्यात तुमचा हात हलतो. कॅमेरा कशावर तरी ठेवा. आणि त्याला जास्त उजेड खेचायला लावू नका, फोटोत दाणे पडतात.” फ्लॅशचा प्रश्नच नव्हता. आईच्या डोळ्याचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं आणि डॉक्टरांनी झगमगाटाला मनाई केली होती. शेवटी मास्तरांनी आपला चित्रं लावायचा लाकडी स्टँड दिला. त्याच्या फळीवर दोन जाडजूड पुस्तकं ठेवून कॅमेरा वर सुतळीने बांधला. तो आता सुळावर चढवल्यासारखा दिसत होता.

मग सराव सुरू झाला. सरावाला माणसं मिळेनात, म्हणून बाळरावांनी स्वयंपाकघरातले डबे ओट्यावर मांडले. पिठाचा मोठा डबा म्हणजे आई. तिच्या एका बाजूला दादा, दुसऱ्या बाजूला ताई, मागे दोन बरण्या म्हणजे जावा. साखरेचा डबा स्वतः बाळराव. बटण दाबलं. कॅमेऱ्याने ‘खट्’ केलं आणि डोळा उघडून तो बसून राहिला. तेवढ्यात बायको आली, तिने चहासाठी साखरेचा डबा उचलला आणि मग दुसरा ‘खट्’ झाला.

फोटोत सगळे डबे ठणठणीत होते. साखरेचा डबा मात्र अर्धवट होता. म्हणजे तिथे होताही आणि नव्हताही. त्याच्या पोटातून मागची फरशी दिसत होती.

“अगं, बघ काय केलंस! मी गेलो यातून!”

“मग चहा बिनसाखरेचा पिणार का?” बायको म्हणाली.

बाळरावांनी धडा घेतला. भोक लहान असेल तर हलायचं नाही. जो हलेल तो जाईल. हे वाक्य त्यांनी पुढचा आठवडाभर घरात येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला ऐकवलं. फोन करून दादाला ऐकवलं. वहिनींना ऐकवलं, तर त्या म्हणाल्या, “मी मागच्या वेळीही हलले नव्हते, भाऊजी.”

जायचा दिवस उजाडला. बाळराव पहाटेपासूनच कॅमेऱ्याभोवती घुटमळत होते. बॅटरी भरून ठेवली होती, पण ती भरलेली आहे का हे बघायला कॅमेरा सुरू करावा लागत होता. सुरू केला की सरावाचे फोटो एकदा बघून घ्यावेसे वाटत होते. अंघोळीआधी बघितलं, अंघोळीनंतर बघितलं, जेवताना उठून बघितलं. बायको म्हणाली, “ओढून ओढून एक दिवस ते कुलूपही तुटेल.” त्यांनी लक्ष दिलं नाही.

ताई आली ती आपलं घर बंद करूनच. तिने सगळ्यांसमोर किल्ली बाळरावांच्या हातात ठेवली.

“किल्ली बाळकडे?” दादा म्हणाला. “हरवेल तो.”

“तो नाही हरवणार. तूच देशील कुठेतरी ठेवून आणि विसरशील,” ताई म्हणाली. बाळरावांनी किल्ली खिशात घातली आणि खिसा वरून दाबून बघितला.

मांडामांड सुरू झाली आणि पहिली अडचण लगेच समोर आली. खोलीत कॅमेरा कुठेही ठेवला तरी कुणाचा ना कुणाचा कान कापला जात होता. मागे सरकवत सरकवत स्टँड दारापर्यंत गेला, दाराबाहेर गेला आणि जिन्यासमोरच्या मोकळ्या जागेत मास्तरांच्या दाराला टेकला, तेव्हा कुठे सगळे मावले. मास्तर आपल्याच घरात अडकले आणि फटीतून सूचना देऊ लागले.

“हे काय चाललंय?” जिन्यातून आवाज आला. सोसायटीचे सेक्रेटरी वर येत होते. त्यांना सामाईक जागेचा वास लांबून येतो. “सामाईक जागेत वस्तू ठेवता येत नाही.”

“पाच मिनिटं हो. ताई चाललीय कायमची.”

“सगळे असंच म्हणतात. पाच मिनिटं म्हणून दुसऱ्या मजल्यावर सायकल ठेवली, ती अजून तिथेच आहे. अर्ज करा, मी बैठकीत ठेवतो.”

“बैठक कधी?”

“पुढच्या महिन्यात.”

खाली टॅक्सी यायची वेळ होत आली होती. बाळरावांनी गयावया केली, आतून आईने “येऊ दे रे त्यांनाही, उभे का बाहेर?” असं म्हटलं, आणि सेक्रेटरी जरा नरमले. बिनधन्याची वस्तू सामाईक जागेत चालणार नाही, पण जबाबदार माणूस शेजारी उभा असेल तर नियम आडवा येत नाही, असं त्यांना आठवलं. “तुम्ही आत जाऊन बसणार ना? मग मी उभा राहतो,” ते म्हणाले, आणि स्टँडला खेटून असे उभे राहिले, जणू कॅमेरा त्यांचाच होता.

आत मध्ये आई बसली, डोळ्याला काळा चष्मा लावून. एका बाजूला दादा. मागे दोन्ही जावा, आणि वहिनी चेहऱ्यावर ‘बघू या वेळी काय करता’ असा भाव घेऊन. दुसऱ्या बाजूला ताई, आणि ताईच्या शेजारी एक स्टूल. बाळरावांनी आकडा बघितला. सोळा. पुन्हा बघितला. अजूनही सोळा.

“ऐका सगळ्यांनी! मी बटण दाबलं की लाल दिवा लुकलुकेल. तेवढ्यात मी येऊन बसेन. मग दिवा विझून पहिला खट् होईल. मग दुसरा खट् होईपर्यंत कुणीही हलायचं नाही. जो हलेल तो जाईल!”

“माहितीय रे,” दादा म्हणाला. “पाठ झालंय.”

बाळरावांनी बटण दाबलं, दारातून आत धावले, आईच्या पायाला धक्का न लागू देता वळले आणि स्टुलावर बसले. दम लागला होता, पण वेळेत बसले होते. एवढ्या वर्षांनी ते स्टूल भरलं होतं. ताईने त्यांच्या हातावर हात ठेवला.

खट्.

सगळे पुतळे झाले. दादाने लहानपणासारखाच श्वास रोखला. बाळराव दुसऱ्या खट् ची वाट बघू लागले. वाट बघण्यासारखं वाईट काम नाही. एक सेकंद गेला. दुसरा गेला. बाहेर लाल दिवा दिसेना.

“अहो,” सेक्रेटरी कॅमेऱ्यात डोकावून म्हणाले, “याचा दिवा विझला. बंद पडलेला दिसतोय.”

बाळरावांना सगळं ठाऊक होतं. भोक लहान आहे, वेळ लागणार, दिवा विझणारच, हे त्यांनी स्वतः आठवडाभर लोकांना सांगितलं होतं. पण कुलूप लागलंय हेही त्यांना दर वेळी ठाऊक असतंच की. त्यांच्या ढुंगणाने स्टूल सोडलं. कधी सोडलं ते त्यांनाही कळलं नाही. “बंद कसा पडेल?” म्हणत ते दाराकडे धावले, आणि उंबऱ्यावर त्यांचा पाय पडतो न पडतो तोच समोरून आवाज आला.

खट्.

बाळराव जागच्या जागी थिजले. मागे आई शांतपणे म्हणाली, “जित्याची खोड.” पुढची म्हण तिने पुरी केली नाही.

“परत काढू, परत काढू!” बाळराव ओरडले आणि कॅमेऱ्यावर तुटून पडले. पडद्यावर चित्र उमटायच्या आतच पडदा काळा झाला. बॅटरी संपली होती. ती भरलेली आहे का हे बघण्यातच ती संपली होती. आणि त्याच क्षणी खाली टॅक्सीचा हॉर्न वाजला.

मग सगळी पळापळ झाली. बॅगा, पाया पडणं, पासपोर्ट आहे का, पाणी घेतलं का. जिना उतरताना ताईने बाळरावांना जवळ घेतलं आणि म्हणाली, “फोटो पाठव. कसाही आला तरी पाठव हं.” टॅक्सी वळेपर्यंत सगळे हात हलवत उभे होते. बाळराव हात हलवत नव्हते. त्यांनी एका हाताने खिशातली किल्ली धरली होती आणि दुसऱ्या हाताने मेलेला कॅमेरा.

वर येऊन त्यांनी बॅटरी चार्जरला लावली. दादा आणि वहिनी घरी जायचे थांबले. चार्जरभोवती सगळे असे बसले, जसे ऑपरेशनच्या खोलीबाहेर नातेवाईक बसतात. मास्तर आले. सेक्रेटरीही आले, कारण जबाबदार माणूस म्हणून फोटोत आपला हात आहे असं त्यांना वाटत होतं. कॅमेरा सुरू झाला आणि सहा डोकी पडद्यावर वाकली.

सगळे आले होते. आईच्या चष्म्याची कडा, दादाचे फुगलेले गाल, भिंतीवरच्या घड्याळातला बारीक काटासुद्धा. वहिनी तर अशा लख्ख आल्या होत्या की त्यांनी स्वतःच “अगंबाई” म्हटलं आणि बाळरावांना चहा विचारला, बाळरावांच्याच घरात. स्टुलावर मात्र धुकं होतं. त्या धुक्याला टक्कल होतं आणि त्याच्या छातीतून कपाटाची मूठ दिसत होती. तिथून एक फिकट पट्टा दाराकडे निघाला होता.

“साखरेचा डबा,” बायको हळूच म्हणाली.

पण बाळराव स्वतःकडे बघतच नव्हते. ते ताईकडे बघत होते. ताईला दोन चेहरे आले होते. एक समोर बघत हसणारा, आणि त्यातूनच निघालेला दुसरा, फिका, बाजूला वळलेला. आपण तर गेलोच, पण जाता जाता जिच्यासाठी हे सगळं केलं तिचाही चेहरा घालवला. त्यांना रडू यायचं तेवढं बाकी राहिलं. माणसं एकेक करून निघून गेली. दादा जाताना पाठीवर थोपटून “असू दे” म्हणाला, आणि टोमणा मारला नाही, त्यामुळे ते आणखी खचले. त्यांनी बोट कचऱ्याच्या डब्याच्या खुणेवर ठेवलं. एकदा दाबलं की संपलं. ताईला सांगता येईल, आलाच नाही म्हणून.

“ती म्हणालीय, कसाही आला तरी,” बायको म्हणाली. मग तिनेच आपल्या मोबाइलने त्या पडद्याचा फोटो काढला आणि पाठवून दिला.

बराच वेळ काही उत्तर आलं नाही. ताईने फोटो पाहिल्याची खूण उमटली होती, पुढे काहीच नव्हतं. बाळरावांनी मोबाइल उलटा ठेवला, सुलटा ठेवला, चालू आहे का ते बघितलं. शेवटी फोन वाजला. मागे विमानतळाचा गलका होता.

“ताई, माझं चुकलं गं. तो दिवा विझला आणि मी—”

“तुला भिंतीवरचा फोटो दिसतोय का तिथून?” ताईने मध्येच विचारलं.

“दिसतोय.”

“माझी मान वाकडी आली म्हणून दादा इतकी वर्षं बोलतो ना? वाकडी नव्हती रे ती. तू स्टुलावरून उठून दाराकडे पळालास. बाहेर रस्ता होता. तो फोटोवाला ओरडतोय, इकडे बघ, इकडे बघ. मी कशी बघणार त्याच्याकडे?”

बाळराव भिंतीवरच्या फोटोजवळ गेले. आजवर त्यांनी नेहमी ते स्टूलच पाहिलं होतं. ताई कुठे बघतेय ते कधी पाहिलं नव्हतं.

“आजही ठरवलं होतं, हलायचं नाही,” ताई म्हणत होती. “तू इतकं बजावलं होतंस. पण तू उठलास आणि वळली बाई मान. आता तिथे गेल्यावर काय करू? कुणाकडे वळवू?” तिने नाक ओढलं. “हाच फोटो मोठा करून लावणार आहे मी. दुसरा काढायचा नाही. कळलं?”

“हो,” बाळराव म्हणाले.

“आणि ऐक. निघताना माझ्या घराचं कुलूप मी ओढून बघितलं होतं, बहुतेक. पण आता आठवत नाहीये. इथे बसल्यापासून तेच डोक्यात आहे. उद्या जाऊन बघशील?”

“आत्ताच जातो,” बाळराव म्हणाले आणि चपला शोधू लागले.

ताईचं घर दोन गल्ल्या पलीकडे होतं. कुलूप व्यवस्थित लागलेलं होतं. त्यांनी ते ओढून बघितलं, पुन्हा ओढलं, तिसऱ्यांदा ओढलं. “लागलंय,” त्यांनी फोनवर सांगितलं.

“बरं झालं,” ताई म्हणाली. तिने फोन ठेवला. बाळराव कोपऱ्यावरच्या खांबापर्यंत गेले, तिथे थोडा वेळ उभे राहिले आणि मग कुलपाकडे परत फिरले.